दोन सेकंद

किल्ली फिरवली की टाकीच्या पोटात
दोन सेकंद गुणगुण व्हायला हवी,
बरणीत भुंगा कोंडल्यासारखी.
मग टक्. मग काही नाही.
"आयलो आवाज?" मामा विचारतो.
"आला."
"कसलो?"
मग मी वाण्याकडे यादी वाचावी तसं सांगते:
बारीक, थोडा घोगरा, शेवटी किंचित खाली बसलेला.
मला वाटायचं, तो मला शिकवतोय.

बोनिफासची मोटरसायकल. पुढचा मडगार्ड पिवळा.
सोळा वर्षं कुडचडे स्टेशनवरून भाडी मारते.
सकाळी सुतासारखी सरळ,
दुपारी सावर्ड्याच्या चढावर मान टाकते.
मागचं गिऱ्हाईक उतरून चालू लागतं,
अर्धं भाडं देतं, किंवा हात हलवून जातं.
पंधरा मिनिटं फणसाखाली उभी केली
की काही झालंच नाही अशी सुरू.
"पंप गेला," बोनिफास म्हणतो,
"मडगावात साडेचार हजार सांगितले.
तेवढ्यात बायकोचे दोन दात बसतात."
आणि बाकावर बसून चणे सोलू लागतो.

पंप गेला, हे मामा कुणाचंच ऐकत नाही.
पंप बिचारा पेट्रोलात बुडून राबतो,
पेट्रोलानेच थंड राहतो,
आणि लोक टाकीचा तळ दिसला की शंभरचं घालतात.

फ्यूज काढला: तार शाबूत.
रिलेवर बोट ठेवलं: टिचकी लागली.
कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या,
तळीच्या खालच्या पायरीसारख्या.
मीटरवर दहा पूर्णांक नऊ.
घासल्या; बारा पूर्णांक दोन.
"जालें?" बोनिफास उठला.
"बस रे."
मी गाडी तापवायला तिळामळच्या वाटेवर नेली
आणि ढकलत परत आणली.

मग पंपच बाहेर काढला.
जाळीवर लाल गाळ.
खाणीचे ट्रक थांबले तरी
ही धूळ अजून कुठून कुठून निघते,
पिठाच्या डब्यातूनसुद्धा.
धुतली. बसवली. प्रेशर बरोबर.
वीस मिनिटं. पुन्हा गप्प.

तेव्हा मामाने झाकणाला किल्ली लावली,
तळवा वर दाबून हळूच फिरवली.
फुस्स झालं, चांगलं मोठं, बोनिफासने वळून पाहिलं.
मामा मात्र म्हणाला, "ओढलं."
हाताकडे बघत.

टाकीची श्वासाची नळी
खाली स्टँडपाशी उघडते, करंगळीहून बारीक.
तिथे कुंभारीण माशीने मातीचं बूच मारलेलं,
आत पाच-सहा कोळी कोंबलेले
आणि त्यांच्यावर पोसत असलेली एक फिकट अळी.
इतके दिवस पंप
बंद खोलीतून ओढत होता सगळं,
आणि आम्ही त्यालाच चोर ठरवत होतो.

सायकलच्या स्पोकने नळी मोकळी केली.
मामाने दोनशे सांगितले,
बोनिफासने तीनशे दिले, उरलेले चणेही दिले.
अळीचं काय करायचं ते मला कळेना,
नटांच्या डबीच्या झाकणात ठेवली.

गॅरेजच्या भिंतीवरही या माश्यांची घरं आहेत.
चार वाजता एक आली,
तोंडात ओल्या मातीची गोळी,
मामाच्या डाव्या कानाशी घोंगावत राहिली
आत-बाहेर, आत-बाहेर,
जागा पसंत पडल्यासारखी.
मामा स्क्रू आवळत होता.
पापणीसुद्धा हलली नाही.

मी फडक्याने तिला उडवलं.
"कितें?"
"काही नाही. धूळ होती."

संध्याकाळी कोणाची तरी स्कूटर आली.
त्याने किल्ली फिरवली, तळवा सीटखाली ठेवला,
आणि त्याने विचारण्याआधीच
मी त्याच्या तोंडासमोर येऊन, जरा मोठ्याने,
"आला," म्हटलं. "बारीक. सरळ. शेवटपर्यंत सारखा."
तो माझ्याकडे बघत राहिला,
दोन सेकंद असेल.
मग म्हणाला, "पाना दी. धा नंबर."