आत कोण आहे

नारीनमध्ये रात्रीचे साडेदहा, उणे एकोणीस.
शाळेच्या संगणक-खोलीत शेगडीतला कोळसा संपत आलाय,
आणि बाराव्या मशीनवर लिनक्स चढलं
असं मशीनच म्हणतंय.
आता फक्त डिस्क सोडवायची,
मग रीबूट, मग घर.

मी लिहिते: अनमाउंट.
ते म्हणतं: लक्ष्य व्यस्त आहे.

पुन्हा लिहिते, जणू मघाशी त्याला ऐकूच गेलं नव्हतं.
लक्ष्य व्यस्त आहे.

तेमिरलान, नववीतला, जा म्हटलं तरी न गेलेला,
म्हणतो, बाई, जबरदस्तीनं काढू या ना,
एक अक्षर जास्तीचं लावलं की झालं.
अकरा नंबरचं मी परवा असंच काढलं होतं.
अर्धं लिहिलेलं काहीतरी आत राहून गेलं
आणि सकाळी ते उठलं ते स्वतःचं नाव विसरून.
हे त्याला सांगत नाही.

विचारते, आत कोण आहे.
दोन नावं येतात.
पहिला किल्ल्या सांभाळणारा एजंट,
मघाशी सह्या तपासायला बोलावलेला;
काम संपलं तरी कोपऱ्यात बसून,
कारण त्याला कुणी जा म्हणालंच नाही.
जा म्हणते. जातो बिचारा.

दुसरं नाव म्हणजे नुसता आकडा,
दोन हजार एकशे सात, आणि पुढे: शेल.
कुणाचं?

सोन-कुलच्या कुरणावरून दर सप्टेंबरात आम्ही खाली उतरायचो.
आधी तंबूचे बुरणूस सोडायचे, मग लाकडी जाळी,
सगळ्यात शेवटी छताचं चाक.
एका वर्षी एक दोर सुटेचना.
जुमाबायकाका ओढून ओढून लालबुंद,
शिव्या गाठीला, दोराला, दोर वळणाऱ्याच्या सात पिढ्यांना,
आणि दोराचं दुसरं टोक
त्यांच्याच बुटाखाली.
आत्या हसत खाली बसली ती बसलीच, घोडे लादून झाले तरी.

तेमिरलानला हे सांगता सांगता
मधेच थांबले.

दोन हजार एकशे सात.
माझंच टर्मिनल.
एक फाइल बघायला मघाशी आत गेले होते,
आणि तिथेच उभी राहून
दार का लागत नाही म्हणून मशीनवर डाफरत होते.

सी, डी, मोकळी जागा, तिरकी रेघ.
एवढंच. बाहेर ये.

अनमाउंट.

या वेळी ते काहीच म्हणत नाही.
इथे काम फत्ते झालं की कुणी बोलत नाही,
तेरा वर्षं झाली, अजून मला सवय नाही.
पुन्हा विचारून खात्री करते.
मग रीबूट. काळा पडदा. मग हळूच एक नाव,
आणि नावापुढे लुकलुकणारी रेघ.

तेमिरलान जाकीट चढवतो, चेन लावतो,
खिडकीतून रस्ता बघतो, चेन काढतो.
त्याचा पाय निघत नाही.
आई मॉस्कोत, दुसरा हिवाळा. घरी दिवा कोण लावतं
ते मी विचारलेलं नाही.

बादलीत तळाशी तीन-चार ढेकळं आहेत.
ती शेगडीत टाकते
आणि म्हणते, तेरावं उघडतोस का,
स्क्रू-ड्रायव्हर तुझ्याचकडे आहे.