टोनचं बटण

अनुग्रहनं गिटार आणली ती पाठ खोललेलीच,
वायरी बाहेर लोंबत, स्क्रू
द्राक्षांच्या खोक्यातल्या पातळ कागदात बांधलेले.
"शालनमावशी, टोन चालत नाही.
आणि सारखी घूं करते."
रविवारी शरणपूरला चर्चमध्ये वाजवायची होती.
त्याला कुणी सांगितलं कोण जाणे
की सातपूरला बावीस वर्षं मी
मीटरच्या बोर्डांना सोल्डर लावत होते.
तांबट आळीत ह्यालाच डाख म्हणतात.

भिंग लावून पाहिलं.
हिरवा कपॅसिटर, डाळीएवढा, वर चारशे त्र्याहत्तर,
त्याचा एक पाय तुटलेला.
"बघ, हे बटण आवाजात काही घालत नाही.
गोडवा बिडवा ह्याच्यात नसतो.
जे टोकदार असतं ते ह्या डाळीतून
गुपचूप अर्थिंगला निघून जातं.
उरतं त्याला आपण मऊ म्हणतो."
तो म्हणाला, "मग मऊ म्हणजे कमीच की."
मी म्हटलं, कांडी तापलीय, हात बाजूला घे.

पॉटच्या पाठीला धग लवकर चढत नाही.
पंचवीस वॅटची कांडी दमते, आपण दमायचं नाही.
घाई केली तर कथलाचा मणी नुसता वर बसतो,
दिसतो जोडलेला,
असतो सुटा.
अशा सांध्यांपायी सुपरवायझरची किती बोलणी खाल्ली.
राळेचा धूर नाकात गेला
आणि डबे उघडणाऱ्या सगळ्याजणी आठवल्या.

मग त्यानं जॅक खुपसला, तार छेडली,
बटण दहावरून शून्यावर नेलं,
परत दहावर.
"फरक कळतोय ना?"

कंपनीच्या डॉक्टरनं एकदा काचेच्या खोलीत
कानांना हेडफोन लावून बसवलं होतं.
आवाज आला की बोट वर करा.
मी बोट मांडीवर ठेवून बराच वेळ बसले,
वाटलं, मशीन सुरू व्हायचंय.
आमच्या लाईनच्या भिंतीपलीकडे प्रेस शॉप होतं.

चिमण्या गेल्या गावातून, असं मीही म्हणत होते.
सगळेच म्हणतात.

पण ती घूं मला स्वच्छ ऐकू येत होती.
एकलहऱ्याहून निघालेली वीज
खांबाखांबांवरून माझ्या ओट्यापर्यंत येऊन
जाड, खालच्या आवाजात घुमत होती,
माझ्या हद्दीतल्या आवाजात.
तारांवर हात ठेवला तरी थांबेना.
म्हणजे ब्रिजखालची वायर सुटलेली.
ती शोधायला दुपार गेली, चहा गार झाला,
अनुग्रह दोनदा मोबाईल बघून आला.

"आता धर तारा."
त्यानं तळवा टेकवला
आणि घूं एकदम नाहीशी.
हे मात्र ऐकलं मी.

मग तो वाजवत बसला, डोळे मिटून,
एका हातानं मधूनच बटण फिरवत.
मी त्याच्या कपाळाकडे बघत होते.
सहाच्या जरा अलीकडे कपाळ सैल पडलं.
"थांब. तिथंच."
सुनेचं लाल नेलपॉलिश आणलं
आणि बटणाशेजारी एक ठिपका दिला,
पास झालेल्या पीसला देत होतो
तेवढाच.