हात धुतलेलं पाणी

हॉकलीतल्या कारखान्यात सुटी झाली की
आम्ही हात धुतो, ते पाणीसुद्धा साठवतात.
ॲप्रन, झाडू, पायाखालचा गालिचा
वर्षाअखेर जाळतात सगळं,
राखेतून सोनं निघतं. खरंच निघतं.
हॅलम म्हणतो, इथं कणभर वाया जात नाही, शांतवन.

मंगळवारी त्यानं एक कागद पुढे सरकवला.
सोनं चौदा कॅरेटचं, लिहायचं अठरा.
सही केली. पेन छान चालत होतं.

रात्री ताटावर डोळे मिटले
आणि प्रार्थना आठवेना.
आमेन तेवढं आठवलं.
"दमलात का?" रूथ म्हणाली.

रविवारी त्याचे चाळीस पौंड
दानाच्या थाळीत टाकले.
थाळी पुढच्या बाकाकडे गेली.
हलकं काही झालं नाही.

आता हात धुताना रेंगाळतो.
तळाशी चमकतं ते मालकाचं.
माझं जे गळून गेलं
त्याला बर्मिंगहॅमभर काटा नाही.
कोण चाळत बसेल असली राख?

एकच आहे. त्याच्या तळहातांना
भोकं आहेत, तरी
त्यातून काही सांडत नाही म्हणतात.

उद्या कागद परत मागतो.
नोकरी जाईल.
रूथला अजून सांगितलेलं नाही.