आत्ता आणि मग

वयाच्या एकोणचाळीसाव्या वर्षी
मी चार अक्षरं शिकले.
ए, डी, एच, डी.
सायनच्या दवाखान्यात, टोकन नंबर एकसष्ट,
डॉक्टरीणबाई जांभई दाबत म्हणाल्या,
'आळस नाही हो हा.'
तेवढं एक वाक्य मी पर्समध्ये घातलं
आणि पर्स बसमध्ये विसरले.

आधीचे शब्द मात्र तोंडपाठ आहेत.
वेंधळी. धांदरट.
प्रगतिपुस्तकातला लाल शेरा:
'हुशार आहे, पण लक्ष कुठे असतं?'
सांगते ना, बाई, कुठे असतं.
पुढच्या बाकावरच्या मुलीच्या रिबिनीचा
एक धागा सुटला होता.
अजून डोळ्यांसमोर आहे.

आता फ्रिजवर तक्ता आहे.
हिरवं म्हणजे घर, निळं म्हणजे लॅब, लाल म्हणजे पैसे.
रंग ठरवायला तीन रात्री गेल्या,
तक्ता दोन दिवस चालला.
कपाटात सात डायऱ्या,
सातही अकरा जानेवारीला संपतात.
मोबाइलमध्ये गजर:
ऊठ. खरंच ऊठ. डबा. गॅस बघ.
शेवटच्याचं नाव नुसतंच 'अगं'.
रेशनकार्ड मी नीट ठेवलंय.
या घरात जे नीट ठेवलं, ते गेलं.

दादरच्या लॅबमध्ये मी मेणाची दाढ कोरते,
तिच्या खळग्याखळग्यांत उतरत जाते.
वर येते तेव्हा दिवे लागलेले असतात,
डबा तसाच,
आणि राणे घड्याळाकडे बघत: 'एका दाढेला पाच तास?'
पण ती दाढ ज्या म्हाताऱ्याच्या तोंडात गेली
तो महिन्याभराने शेंगदाण्याची चिक्की घेऊन आला
आणि आमच्यासमोर कडाकड चावून दाखवली.

वेळ डोळ्यांना दिसली पाहिजे, म्हणतात डॉक्टरीणबाई.
मला दोनच वेळा दिसतात:
आत्ता, आणि मग.
वीजबिल मग. आईला फोन मग.
विहंगच्या शाळेची फी, तीसुद्धा मग.
बादलीतला प्लास्टिकचा मगही तसलाच,
बुडत नाही, भरत नाही,
नुसता फिरत राहतो.

पाणी मात्र कुणाचं 'मग' ऐकत नाही.
कन्नमवार नगरात ते चार पन्नासला येतं,
पाच पस्तीसला जातं.
आणि त्याच्या जरा आधी भिंतीवर लाटणं वाजतं.
टक, टक. थांबून, टक.
पलीकडे पडवळकाकू.
कधी विचारलं नाही त्यांनी, तुला काय झालंय गं.
त्यांच्या हंड्याचा सूर चढत जातो,
पाठोपाठ माझ्या.
भिंतीला दोन बाजू, दोन नळ, दोन बायका,
जाग एकच.
तेवढ्या वेळात डाळ शिजते, डबा भरतो,
फीचं पाकीट दप्तरात जातं.
हे तक्त्यात कुठेच नव्हतं.

परवा रात्रभर मी बटणं लावत बसले होते,
पांढरी एकीकडे, मोतिया एकीकडे.
कशासाठी, विचारू नका.
चार पन्नास. नळ खाकरला.
भिंत गप्प.
चार एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न.
आयुष्यात पहिल्यांदा मला मिनिटं दिसली,
एकेक, सुटी सुटी,
त्यांच्या दारासमोरून पाय न वाजवता जाताना.

लाटणं अर्थातच सापडेना.
मेण कोरायच्या हत्याराच्या मुठीनं वाजवलं.
टक, टक. थांबून, टक.

बराच वेळ काही नाही.
मग खोकला.
मग बांगड्या, मग मोरीची कडी,
मग भिंतीतून तो पेंगुळलेला आवाज:
'आले गं, आले. आत्ता.'

इकडे माझं पिंप
कधीच भरून वाहायला लागलं होतं.