तुलना गट

पाकिटं एकशे बारा. सगळी खाकी, सगळी डिंकानं बंद.
आत निळी चिठ्ठी निघाली तर बारा आठवडे योग,
पांढरी निघाली तर मिठाबद्दलचं एक पत्रक
आणि नेहमीसारखं राहा, एवढंच.
कुणाला काय निघालं ते मला कळायचं नाही.
माझं काम दंडावर पट्टा बांधायचं.
मॅडम म्हणाल्या, मापणारा आंधळाच बरा, तारका.

देवपूरच्या दवाखान्यात तळमजल्यावर मी,
मागच्या हॉलमध्ये ते.
भिंतीपलीकडून श्वास ऐकू येत नाही,
सतरंज्या झटकल्याचा आवाज येतो, तेवढाच.

लोटन बोरसे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर,
खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून मोकळे:
ताई, आज शवासनात घोरलो मी.
अप्पा, नका ना सांगू!
मी नोंदवहीत लिहायची: गट कळला.
सायराबी काही बोलायची नाही. तिच्या बाहीवरचा कापूस
पट्ट्याच्या काट्यांना चिकटायचा,
पुढच्या माणसाच्या दंडावर तिच्या गादीचे दोन तंतू.
आणि सुपडीबाई भामरे, बिबडे-पापडवाली,
दंड असा की मोठा पट्टा काढावा लागे.
एकशे अठ्ठावन्न. पाच मिनिटं बसा. एकशे छप्पन्न.
पाय जमिनीला टेकवा, मावशी. बोलू नका.
ती बोलायची.

त्याच दिवसांत आग्रा रोडवर फलक लागला:
साखर, सांधे, थायरॉईड, सर्व रोग एका आसनात.
फलकावरचा माणूस हसत होता,
त्याचं वरचं-खालचं कुणी मोजलेलं नव्हतं.

बाराव्या आठवड्यात मॅडमनी यादी उघडली.
निळे, पांढरे. दोन रकाने, दोन सरासऱ्या.
फरक निघाला चार पूर्णांक दोन.
मॅडम म्हणाल्या, लिही: एकही असू शकतो, सातही.
लिही: माणसं कमी होती.
लिही: आपण योगालाच मोजलं, की रोज सकाळी
कुणीतरी नावानं हाक मारतं त्याला,
हे या आकड्यांतून सांगता येत नाही.
घरी, पाचव्या गल्लीत, दादांनी चष्मा वर केला.
चार? एवढं तर मी लोणचं सोडलं तरी उतरेल.
सोडा मग, मी म्हटलं.
त्यांनी फोड तोंडात टाकली.

मला मात्र ते चार आवडले.
मोठ्यानं ओरडता येत नाहीत असे चार.
फलकावर मावणार नाहीत, इतके बारीक,
आणि त्यांच्यामागे एकशे बारा दंड,
दर वेळी दोनदा, पाच मिनिटं थांबून.

एकच गोष्ट टोचत होती.
सुपडीबाई निघाली पांढरी,
आणि पांढरी असून अकरानं उतरली.
पत्रक? पत्रक तिनं पापडाच्या डब्यात तळाला घातलेलं,
मीठ तर तिचा धंदाच.
मग मी विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती.
ती म्हणाली, हॉलच्या मागेच माझी खाट, वाळवणाची.
कावळे हाकलायचे तर बसावंच लागतं.
खिडकी उघडी.
देखी देखी शिकनू, माय.
दम घेवानं, दम सोडानं. त्यामा काय चोरी?

मॅडमनी डोक्याला हात लावला, मग हसल्या, मग पुन्हा हात लावला.
तिला यादीतून काढायचं का?
नाही. चिठ्ठी पांढरी, तर ती पांढरीच मोजायची.
म्हणजे खरा फरक चाराहून मोठा असेल?
असेल. किंवा तिला उन्हात नुसतं बसणंच मानवलं असेल.
अहवालात एक ओळ वाढली:
तुलना गटातील काहींना कृतीचा परिचय झाला असण्याची शक्यता.
सुपडीबाई ती एवढीच. नाव नाही, खाट नाही, कावळे नाहीत.

मन्हा आकडा खरा का खोटा? तिनं जाताना विचारलं.
आकडा खरा, मी म्हटलं. कारण माहीत नाही.
तिला ते पटलं असावं. पापडाचं एक पुडकं ठेवून गेली.

पुढचा अभ्यास मोठा आहे, चारशे जणांचा.
बैठकीत ठरलं,
हॉलची मागची खिडकी या वेळी बंद ठेवायची.
मे महिन्यात. धुळ्यात.