पितळी पाटी

जलीबच्या तिसऱ्या मजल्यावर,
टायरच्या दुकानावर, शुक्रवारी विहार असतो.
बाकी सहा दिवस ती चौघा ड्रायव्हरांची खोली.
भन्ते धम्मकित्ती पँट-शर्टात येतात,
चीवर पिशवीत, कांद्यांखाली.

मी परभणीचा. क्रेन चालवतो.
सिंहली कळत नाही, पण 'नमो तस्स' सुरू झालं
की माझंही तोंड आपोआप उघडतं.
चाल वेगळी, शब्द तेच.
पुढच्या बायका वळून बघतात आणि थोडं सरकून जागा देतात.

त्या शुक्रवारी एकच फोन सगळ्यांच्या हातांतून फिरत होता.
त्यांच्या बेटावर लोक राजवाड्यात शिरले होते,
चपला घालून गाद्यांवर लोळत होते.
नदीशानी हसली. मग रडायला लागली.
तिच्या घरी अडीच महिने गॅस नव्हता.

कुणीतरी विचारलं,
भन्ते, तुम्ही काय म्हणता?

भन्तेंनी वर पाहिलं.
एसीखाली पितळी पाटी होती,
अमुक मंत्र्यांकडून, पुण्यार्थ.
त्याच मंत्र्याच्या मनगटाला यांनी
चार निवडणुकांत परित्राणाचा दोरा बांधला होता.
ते उठले. बटण बंद केलं.

जुलै महिना. बाहेर एकावन्न.
थोड्याच वेळात मूर्तीपुढच्या मेणबत्त्या
कमरेत वाकल्या.
कोणी बोलेना. इथे बोलणं म्हणजे
विमानाचं एका बाजूचं तिकीट.

मला वाटलं, आता घोषणा देतील.
आमच्याकडे धम्म आला तोच बंड होऊन;
आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं
त्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत आला.
यांच्याकडे तो आधीपासून ताटात, भातासारखा,
राजालाही वाढलेला
आणि रॉकेलच्या रांगेतल्यालाही.

भन्ते काहीतरी पुटपुटले.
कुसुमलतेने मोडक्या हिंदीत मला सांगितलं :
दोरा मी बांधला. गाठ माझी आहे.

बस, एवढंच.

मग कोपऱ्यातून सोमावती अक्का
(तिकडेही अक्काच म्हणतात)
धापा टाकत म्हणाली,
भन्ते, सरकारचं सरकार बघेल,
माझा दमा कोण बघणार?

ते पुन्हा उठले. लावला.
गार वारा आला, मंत्र्याचाच,
आणि आम्ही सगळ्यांनी तो घेतला.

पाटी मात्र त्यांनी माझ्याकडून काढवली.
माझ्या खिशात पेचकस असतोच.
चार स्क्रू. तिसरा गंजलेला,
त्यानेच वेळ खाल्ला.

जिना उतरताना मी पिशवीत डोकावलो.
खाली चीवर, वर कांदे,
आणि मधे कुठेतरी पितळ वाजत होतं.