अकरानंतरचं व्होल्टेज

सेलूच्या जिनिंगमध्ये बारा वर्षं काट्यावर बसतो मी.
कापसाची गाडी चढते, आकडा थरथरून थांबतो, पावती फाटते.
मागे चोवीस रेचे
एका सुरात नाही, चोवीस सुरांत ओरडत असतात.
गुणाजी हातवाऱ्यांनी चहा विचारतो,
मी हातवाऱ्यांनीच साखर कमी सांगतो.
कानात बोळे घालायला कापूस
तिथं तरी विकत आणावा लागत नाही.

लोक हसतात.
दिवसभर कान किटलेला माणूस
पगाराचा एवढा तुकडा कानांवरच कसा घालवतो, म्हणतात.

अ‍ॅम्प्लिफायर परभणीच्या हमीदोद्दीननं जुळवलेला,
व्हॉल्व्हचा. ट्रान्सफॉर्मर बंद पडलेल्या टॉकीजचा.
खोकी बाभळीची.
सुतार म्हणाला, "स्पीकर म्हणून सांगायचं की ओ,
मी कोंबड्यांसाठी समजून ठोकलं."
हमीदोद्दीन आला, दोन मिनिटं ऐकलं, म्हणाला,
"दीवार कू नक्को चिपकाव मियाँ,
आवाज कू जरा जागा देव."
तेव्हापासून पलंग दीड फूट सरकलाय
आणि शैला रोज अंधारात अंगठा ठेचून घेते.

साडेदहाला रेचे थांबतात.
अकराच्या पुढं तारेतली वीज निवळते,
तुरटी फिरवलेल्या माठासारखी.
तंबोरा आधी खोलीत येतो, मग कानात.
गाणारीनं घेतलेला श्वास,
कुणाची तरी बांगडी,
पान उलटल्याचा आवाज.

बाराला शेतीची लाईन येते.
दुधनेकाठच्या मोटारी एकदम ओढ घेतात
आणि डग्गा बसतो, ओल्या पापडागत.
पूर्वी चिडायचो.
आता वाटतं, डग्ग्यातलं जे गेलं
ते कुणाच्या तरी हरभऱ्यात गेलं.
बॅटरी काखेत धरून कुणी दारं धरत असेल,
पाणी सरीतून सरीत वळताना
जो आवाज होतो
तो माझ्याकडच्या कुठल्याच कॅसेटवर नाही.

एक कॅसेट मात्र आहे, इथल्याच गणपतीतली.
गाणारा कुणी मोठा नव्हता, तार षड्जावर खोकला.
तिसऱ्या मिनिटाला मागून काहीतरी खरखरतं.
तीन वर्षं त्या खरखरीपायी
तारा बदलल्या, हेड स्पिरिटनं पुसलं,
हमीदोद्दीनशी दोन महिने अबोला धरला.

काल रविवार. शैला आत सुशीलासाठी मुरमुरे भिजवत होती.
मध्ये दोन भिंती, वर मिक्सर चालू.
तिथूनच म्हणाली,
"हे तर आमचे कंपाउंडरमामा!
'सरका की ओ थोडं' म्हणायलेत.
लोकांना सरकवायचे अन् आपण मांडी पसरायचे."

मी काही बोललो नाही.
कॅसेट मागं नेली, परत लावली.
सरका की ओ थोडं.
स्पष्ट. तंबाखूसकट.

ती ओले हात घेऊन दारात आली,
पुन्हा लाव म्हणाली.
मी सरकलो थोडं.
मागं फोडणीतली मोहरी तडतडत राहिली,
उजव्या स्पीकरच्याही जरा उजवीकडं.